तोफा थांबवायच्या की विमानं? संयुक्त माऱ्याच्या सरावाबद्दल एका गनरचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. तुम्ही विचारलंय की 2020 पासून सीडीएस (संरक्षण दलप्रमुख) हे पद आहे, तिन्ही दलांचे एकत्र सराव होतात, मग तोफा, विमानं, हेलिकॉप्टर, जहाजं आणि ड्रोन यांच्या माऱ्याचा मेळ घालणं अजूनही अवघड का मानलं जातं? सगळ्यांना एकच संगणकप्रणाली दिली तर प्रश्न मिटणार नाही का? आणि सराव सुधारायचे तर सुरुवात कुठून करायची?

मी तोफखान्यात होतो. देवळालीला शिकलो, पुढे तिथे शिकवलंही. मधली बरीच वर्षं पायदळाच्या पलटणींबरोबर एफओओ म्हणून आणि नंतर बॅटरी कमांडर, म्हणजे तोफांच्या एका तुकडीचा प्रमुख, म्हणून काढली. एफओओ म्हणजे पुढच्या फळीबरोबर राहून, लक्ष्य डोळ्यांनी पाहून, मागच्या तोफांचा मारा त्यावर आणणारा अधिकारी. निवृत्तीनंतर कोल्हापुरात असतो. खाली लिहिलेलं सगळं उघड माहितीतलं आणि पद्धतीबद्दलचं आहे. कुठल्या युनिटची तैनाती किंवा आजची नेमकी कार्यपद्धती मी लिहिणार नाही, कुणी विचारूही नये.

रेडिओ एकमेकांशी जुळत नाहीत, नकाशे वेगळे असतात, या तक्रारी तुम्ही वाचल्या असतील. त्या खऱ्या आहेत, पण त्यांच्या मुळाशी वेगळीच अडचण आहे. एकाच आकाशात, एकाच मिनिटात, वेगवेगळ्या वरिष्ठांना जबाबदार असलेली माणसं मारा करत असतात. त्या मिनिटाला ‘हो’ कुणी म्हणायचं आणि ‘थांबा’ कुणी म्हणायचं, याचं उत्तर त्या सगळ्यांच्या डोक्यात एकच असावं लागतं. हे उत्तर कागदावर बहुतेक वेळा असतंच. ते अंगवळणी पडलेलं नसतं.

हे नीट कळण्यासाठी आकाशात काय चाललेलं असतं ते पाहा. 155 मिलिमीटरच्या तोफेचा गोळा वीस-पंचवीस किलोमीटरवर टाकायचा असेल तर तो वाटेत कित्येक किलोमीटर उंच चढतो आणि मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ हवेत असतो. म्हणजे तोफ उडाल्यानंतर तो गोळा त्या अवकाशाचा मालक असतो, त्याला परत बोलावता येत नाही. त्याच वेळी ताशी 800 किलोमीटर वेगानं येणारं लढाऊ विमान मिनिटाला तेरा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. गोळा हवेत असताना विमान एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पोचलेलं असतं. खाली पायदळाचं छोटं क्वाडकॉप्टर ड्रोन पुढचा नाला बघतंय, कुठेतरी जखमींना न्यायला हेलिकॉप्टर येतंय, आणि आपलीच विमानविरोधी तुकडी या सगळ्यांकडे रडारवर बघून ओळख पटवायचा प्रयत्न करतेय.

नवशिक्यांच्या मनात पहिला उपाय येतो तो म्हणजे विमान आलं की तोफा बंद करायच्या. सोपा, सुरक्षित वाटतो, आणि युद्धात सगळ्यात महाग पडतो. कारण विमान लक्ष्याकडे येतं तेव्हाच शत्रूची विमानविरोधी तोफ आणि खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र घेतलेला माणूस डोकं वर काढणार असतो. त्याला खाली दाबून ठेवायचं काम तोफांचंच. तुम्ही दोन-तीन मिनिटं सगळ्या तोफा गप्प केल्या तर त्या माणसाला हवी होती तेवढी फुरसत तुम्हीच दिलीत. म्हणून खरी कसब असते ती वेगळं करण्यात. एक तर अंतरानं: तोफांचे गोळे या रेषेच्या उत्तरेला पडतील, विमान दक्षिणेकडून येईल. नाही तर उंचीनं: या पट्ट्यात गोळ्यांचा वरचा टप्पा अमुक इतका, विमान त्याच्या वर राहील. नाही तर वेळेनं: शेवटचा गोळा अमुक सेकंदाला फुटेल आणि त्यानंतर ठरलेल्या क्षणी बॉम्ब पडेल. डोंगराळ भागात बहुतेक वेळा तिन्ही मिसळून वापरावी लागतात. हे गणित अवघड नाही. दमलेल्या, भिजलेल्या, गोळीबारात सापडलेल्या माणसानं ते रेडिओवर दुसऱ्या दलाच्या माणसाबरोबर करणं अवघड आहे. आणि तो दुसरा माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटत असेल, तर फार अवघड.

इथे दोन दलांच्या सवयींमधला एक फरक सांगतो, कारण बाहेरच्यांना तो सहसा माहीत नसतो. तोफखान्यात, जगातल्या बऱ्याच सैन्यांत, पुढचा निरीक्षक मारा मागतो तेव्हा मधली मुख्यालयं रेडिओवर ऐकत असतात. कुणाला हरकत असेल तर त्यानं बोलायचं, नाही बोललं तर संमती. त्यामुळे तोफा लवकर उडतात. विमानाच्या बाबतीत नेमकं उलटं. जमिनीवरून विमानाला वाट दाखवणारा, ज्याला आम्ही फॅक म्हणतो, तो स्पष्ट शब्दांत परवानगी देत नाही तोवर वैमानिक बॉम्ब सोडत नाही. तिथे शांतता म्हणजे नकार. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण आता एकाच रेडिओवर एक गनर आणि एक फॅक बसवा, आणि मधेच दहा सेकंद कुणीच बोललं नाही असं समजा. गनरला वाटतं होकार मिळाला, फॅकला वाटतं अजून थांबायचंय. सरावात मी हा क्षण पुन्हा पुन्हा पाहिलाय. कोणीही निष्काळजी नसतं. दोघंही आपल्या शाळेत शिकवलेलंच करत असतात.

जमून आलं की काय होतं, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे 5 डिसेंबर 1971 ची राजस्थानातली लोंगेवालाची लढाई. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची 23 पंजाबची कंपनी रात्रभर पाकिस्तानी रणगाड्यांसमोर टिकून राहिली. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, ती पहाटे आली. त्यांना वर वाट दाखवत होते मेजर आत्मासिंग, लष्कराच्या एअर ओपीच्या, म्हणजे हवेतून निरीक्षण करणाऱ्या तुकडीच्या, छोट्या कृषक विमानातून. हा तपशील बहुतेक सांगणारे गाळतात आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. जमिनीवरच्या लढाईची भाषा जाणणारा लष्करी माणूस, वैमानिकाच्या नजरेनं बघत, वायुदलाच्या विमानांशी बोलत होता. दोन्ही बाजू एकाच डोक्यात होत्या.

उलट कारगिलची सुरुवात बघा. 26 मे 1999 ला हवाई कारवाई सुरू झाली. 27 तारखेला मिग-27 आणि मिग-21 अशी दोन विमानं आपण गमावली, 28 ला एक एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं गेलं. लष्कराला हवा होता तो मारा, त्या उंचीवर वायुदलाकडची कुठली साधनं चालू शकतात, खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याबाहेर कसं राहायचं, याची नीट उजळणी लढाई सुरू झाल्यावर करावी लागली. त्यानंतर जे झालं ते तितकंच शिकण्यासारखं आहे. पद्धत बदलली, विमानं उंचावर गेली, मिराज-2000 नं 17 जूनला मुंथो ढालोचा शत्रूचा रसदतळ उडवला, 24 जूनला टायगर हिलवर लेझरनं दिशा दिलेला बॉम्ब टाकला. बोफोर्स तोफा तर द्रासच्या शिखरांवर थेट नेम धरून मारा करत होत्या. काही आठवड्यांत आपण शिकलो. ते आधीच शिकून ठेवणं, एवढंच संयुक्त सरावाचं काम असतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. वाळवंटात नजर लांब पोचते, वेळेचं आणि अंतराचं विभाजन सोपं जातं. डोंगरात उंची मोजूनच सगळं करावं लागतं, आणि रेडिओही डोंगरामागे अडतो. किनाऱ्यावर जहाजाची तोफ असेल तर ती स्वतःच हलत असते. शत्रूकडे चांगली हवाई संरक्षणयंत्रणा असेल तर विमानं लांबूनच क्षेपणास्त्र सोडतील आणि फॅकचं काम बदलेल. म्हणून ‘एकच आदर्श पद्धत’ सांगणाऱ्याचं ऐकताना आधी विचारा: कुठल्या जमिनीवर, कुणाविरुद्ध?

नकाशा आणि मापं यांच्याबद्दलही थोडं सांगायला हवं. गनर कोन मिलमध्ये मोजतो, पूर्ण वर्तुळाचे 6400 मिल, कारण एक मिलचा फरक एक किलोमीटरवर साधारण एक मीटर होतो आणि डोक्यात हिशेब जमतो. वैमानिक अंशांत, फुटांत आणि नॉटिकल मैलांत बोलतो. जुन्या नकाशांचा भूगणिती पाया वेगळा, उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रांचा वेगळा. आकडे तेच लिहिले तरी जमिनीवरची जागा सरकते. हे सगळं यंत्र बदलून देतं हे खरं, पण यंत्र काय बदलून देतंय हे माणसाला कळायलाच हवं. 5 डिसेंबर 2001 ला अफगाणिस्तानात अमेरिकन तुकडीच्या जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा पडद्यावर लक्ष्याची नव्हे, स्वतःच्या उभ्या जागेची स्थिती आली, आणि तीच विमानाला दिली गेली. दोन हजार पौंडांचा बॉम्ब त्यांच्याच माणसांवर पडला. यंत्र बिघडलं नव्हतं. बॅटरी बदलली की आकडे पुन्हा तपासायचे, ही सवय हातात नव्हती.

आपल्याकडचंही एक उदाहरण, आणि ते लिहिताना त्रास होतो. 27 फेब्रुवारी 2019 ला बडगामजवळ आपलंच एमआय-17 आपल्याच क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. वायुदल प्रमुखांनी त्याच वर्षी ही मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. लक्षात घ्या, हेलिकॉप्टर आणि क्षेपणास्त्र दोन्ही एकाच दलाची होती. ओळख पटवणं एका दलाच्या आतसुद्धा इतकं नाजूक असेल, तर तीन दलं, त्यात शेकडो ड्रोन, ही परिस्थिती किती कठीण आहे याचा विचार करा.

आता सरावांकडे येतो. देवळालीला दरवर्षी ‘तोपची’ होतो, पोखरणला वायुदलाचा ‘वायुशक्ती’ होतो, 2025 च्या अखेरीला पश्चिम सीमेवर ‘त्रिशूल’ हा तिन्ही दलांचा मोठा सराव झाला. हे सराव व्हायलाच हवेत. पण पाहुण्यांसमोर दाखवायचं प्रात्यक्षिक आणि शिकण्यासाठीचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रात्यक्षिकात काहीही चुकू नये म्हणून महिनाभर तयारी होते. शिकण्याच्या सरावात काहीतरी चुकायलाच हवं, नाहीतर सांधा कुठे कच्चा आहे ते कळणार कसं? खासबागेच्या मैदानात पैलवानाची कुस्ती लोक बघतात, पण तो तयार होतो तालमीत, रोज त्याच जोडीदाराबरोबर लढून. आपल्याकडे मैदानं भरपूर होतात, जोडीदाराबरोबरचा रोजचा जोर कमी पडतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: जोड्या ठरवा आणि टिकवा. एका ब्रिगेडचे एफओओ, तिला मिळणारा फॅक, शेजारच्या हवाई तळावर बसून वायुदलाशी दुवा सांभाळणारा लष्कराचा ग्राउंड लिएझन ऑफिसर, आणि हवाई संरक्षणाचा माणूस, एवढ्यांनी नियमित एकत्र बसावं. तोफगोळ्याची गरज नाही. एक वाळूचा नमुना किंवा नकाशा, दोन रेडिओ सेट, एक तास. बदल्या दोन-तीन वर्षांनी होणारच, पण सगळ्यांची एकाच उन्हाळ्यात होऊ नये एवढं पाहता येतं. ज्याचा आवाज ओळखीचा आहे त्याला माणूस ‘थांब, मला पटत नाही’ असं सहज म्हणतो. अनोळखी आवाजाला, त्यातून आपल्याहून वरच्या हुद्द्याच्या आवाजाला, तेच म्हणायला फार धैर्य लागतं.

दुसरं, बोलून दाखवण्याचा सराव. जमिनीवरच्या माणसाला लक्ष्य समोरून दिसतं, वैमानिकाला वरून. ‘त्या घरामागचं झाड’ हे वरून बघणाऱ्याला काहीच सांगत नाही. नियम असा की मोठ्या खुणेपासून छोटीकडे यायचं, आणि प्रत्येक टप्प्यावर समोरच्यानं दिसल्याचं सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलांना मी हे पन्हाळ्यावर करायला लावतो. एकानं तटावर उभं राहून खालचं खोरं बघायचं. दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून बसायचं, हातात त्या भागाचं उपग्रहानं काढलेलं चित्र. पहिल्यानं फक्त बोलून दुसऱ्याचं बोट एका ठरावीक गोठ्यावर आणायचं. खाली सगळीकडे ऊस, प्रत्येक फड दुसऱ्यासारखा. पहिल्यांदा बहुतेक मुलं ‘ते बघ ना, ते हिरवं’ म्हणतात. हळूहळू नदीचं वळण, मग पूल, मग पुलापासून निघालेला रस्ता, रस्त्याचा दुसरा फाटा, अशी उतरायला शिकतात. मग अदलाबदल करायची, आणि ती फार महत्त्वाची. वरून बघणाऱ्याची अडचण स्वतः भोगल्याशिवाय खालचा माणूस नीट बोलायला शिकत नाही. एफओओला काही दिवस हवाई तळावर आणि वैमानिकाला काही दिवस ओपीवर, म्हणजे पुढच्या निरीक्षण चौकीवर, पाठवावं म्हणतात ते याचसाठी.

तिसरं, सराव मुद्दाम मोडा. ऐन वेळी रेडिओची मुख्य वाहिनी बंद करा. हल्ल्याच्या मध्यावर जखमींसाठी हेलिकॉप्टर मागवा. पायदळाचा ड्रोन परवानगीशिवाय वर पाठवा आणि कोण ओळखतं ते बघा. फॅक ‘जखमी’ झाला असं जाहीर करून त्याच्या जागी एफओओला बोलायला लावा, कारण युद्धात हे होणारच. आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट मोजा: ‘थांबा’ हा शब्द उच्चारल्यापासून शेवटच्या तोफेपर्यंत आणि शेवटच्या विमानापर्यंत पोचायला किती वेळ लागला. हा आकडा खोटं बोलत नाही.

चौथं, सरावानंतरची बैठक. इथे वायुदलाकडून आम्ही लष्करवाल्यांनी खूप घेण्यासारखं आहे. उड्डाणानंतर त्यांच्याकडे नोंदी समोर ठेवून, कनिष्ठ वैमानिकसुद्धा काय चुकलं ते मोकळेपणानं बोलतो. दोन्ही दलांनी आपापल्या खोलीत वेगवेगळ्या बैठका घेतल्या तर दोघांचे दोन अहवाल होतात आणि सांधा दोन्हींतून निसटतो. एकाच खोलीत, एकाच घड्याळावरच्या नोंदींसह बसायला हवं.

हे फक्त युद्धापुरतं नाही, हे 2019 च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. पंचगंगा आणि कृष्णेच्या पुरात लष्कर, नौदल, वायुदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ आणि गावोगावची पोहणारी मंडळी अशी सगळी शिरोळपासून सांगलीपर्यंत उतरली होती. बोटी कुणाच्या, हा प्रश्न लोकांच्या मनातही आला नाही. पण कुठली बोट कुठल्या मळ्याकडे जाणार आणि कोणता वाडा आधीच रिकामा झालाय, हे एका ठिकाणी कळणं गरजेचं होतं. जिथे गावाचा तलाठी किंवा एखादा माजी सैनिक पथकप्रमुखाशेजारी बसलेला होता तिथे काम भराभर चाललं. सैनिक टाकळीसारख्या गावात घराघरांतून फौजी आहेत. अशा माणसांना आणि जिल्हा प्रशासनाला घेऊन पावसाळ्याआधी टेबलावरचा सराव नेमानं करणं, यासाठी कुठल्याही नव्या कायद्याची वाट बघावी लागत नाही.

थिएटर कमांडबद्दल, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच प्रमुखाखाली आणण्याबद्दल, लोक हमखास विचारतात. अंदमान-निकोबारला 2001 पासून संयुक्त कमांड आहे, आणि संयुक्त संस्थांच्या प्रमुखांना सर्व दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार देणारा 2023 चा कायदा मे 2024 मध्ये लागू झाला. मला हे पाऊल योग्य वाटतं. त्यानं जबाबदारी कुणाची हे वर स्पष्ट होतं. खाली, बटालियनच्या पातळीवर, गनर आणि फॅक यांना एकमेकांचा आवाज ओळखीचा करून द्यायचं काम मात्र त्यानं आपोआप होत नाही.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे, एकाच प्रणालीकडे. ती हवीच. मे 2025 मध्ये लष्कराची ‘आकाशतीर’ आणि वायुदलाची आयएसीसीएस या जोडलेल्या यंत्रणांनी हवाई संरक्षणात काय काम केलं ते जाहीर झालेलं आहे. एक चित्र सगळ्यांना दिसणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण चित्र एक असलं म्हणून निर्णय एक होत नाही. आणि शत्रूनं आपले रेडिओ संदेश अडवायला, म्हणजे जॅमिंग करायला, सुरुवात केली की चित्र पुसट होतं, तेव्हा माणसं आपल्या जुन्या सवयींकडे जातात. सवयी जुळलेल्या असतील तरच तेव्हा काम चालतं.

तुम्ही प्रणाली बनवणाऱ्यांपैकी आहात, म्हणून तुमच्या कामाचं सांगतो. पडद्यावर आपल्या तुकडीचं ठिकाण दाखवताना ती माहिती किती जुनी आहे हे ठळक दाखवा. चार मिनिटांपूर्वीचं ठिकाण आणि आत्ताचं ठिकाण एकाच रंगात दिसलं तर कुणीतरी त्यावर विश्वास ठेवून मारा करेल. मारा मागितल्यावर कुणी मंजुरी दिली, कुणी नाकारलं आणि कुणी अजून उत्तरच दिलं नाही, या तीन गोष्टी वेगळ्या दाखवा. वर सांगितलेली ती दहा सेकंदांची शांतता तुमच्या पडद्यावर स्पष्ट दिसली पाहिजे. मिल आणि अंश, फूट आणि मीटर, यांचं रूपांतर प्रणालीनं करावं, पण मूळ पाठवणाऱ्यानं काय लिहिलं होतं तेही बाजूला दिसू द्यावं. आणि ‘थांबा’ला एकच बटण ठेवा, जे सगळ्यात कनिष्ठ माणसालाही दाबता येईल. त्यासाठी पासवर्ड नको, वरिष्ठाची मंजुरी नको. चुकून दाबलं गेलं तर मारा थोडा उशिरा होईल, आणि ते का झालं हे बैठकीत बोलता येईल.